हातातली यंत्रे (६) : चोक कधी काढायचा?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यांवर झाडे, झाडांखाली विजेच्या तारा. अशा वेळी वाट मोकळी करायला पेट्रोलवरचा चेनसॉच लागतो, कारण वीज नसते आणि कुऱ्हाडीने दिवस जातो. अडकलेली रुग्णवाहिका किती लवकर पुढे जाईल, हे तो चेनसॉ किती लवकर सुरू होतो यावर ठरते.

मागच्या आठवड्यात टू-स्ट्रोक इंजिन आतून पाहिले. आजचा विषय त्याच इंजिनावर चालणारा मध्यम आकाराचा चेनसॉ, साधारण ४० ते ६० सीसीचा. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत विजेवरचा चेनसॉ बनवला, तेव्हा त्याचे वजन ६४ किलो होते आणि तो धरायला दोन माणसे लागत. आज त्यांच्याच श्टील कंपनीच्या ‘एमएस २५०’चे इंजिन ४५.४ सीसीचे आहे आणि पाते-चेन सोडून वजन ४.६ किलो.

मशीन सुरू होत नसले की ओढणाऱ्याच्या दंडाला दोष दिला जातो. खरे कारण बहुधा चोकपाशी सापडते.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे आत जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि ठिणगी पडताच एक ‘फट्’ आवाज येतो. इंजिन लगेच बंद पडते. नवखा माणूस इथेच फसतो. सुरू झाले नाही असे समजून तो त्याच चोकवर दोरी ओढत राहतो, सिलिंडरमध्ये पेट्रोल साचते आणि प्लग ओला होतो. त्या पहिल्या ‘फट्’नंतर खटका अर्ध्या चोकवर आणायचा आणि पुन्हा ओढायचे. एवढे करूनही प्लग भिजलाच, तर तो काढून पुसावा, चोक बंद ठेवून दोरी काही वेळा ओढावी म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडते, मग प्लग पुन्हा बसवावा. पेट्रोल भरायला थांबलेल्या गरम मशीनला बहुधा चोक लागतच नाही.

दोरी ओढण्याचीही रीत आहे. चेन ब्रेक लावून मशीन जमिनीवर ठेवायचे, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पंजा, पुढच्या मुठीवर डावा हात. दोरी अडेपर्यंत हळू ओढायची आणि तिथून झपकन. या मशीनला बॅटरी नसते. फ्लायव्हीलवरचे चुंबक कॉइलजवळून वेगाने फिरले तरच ठिणगी पडते, म्हणून झटका हवा. हवेत धरून, मशीन खाली सोडत दोरी ओढणारे पुष्कळ दिसतात. ते धोक्याचे आहे आणि त्याने इंजिन लवकर सुरू होते असेही नाही. काही मॉडेलांत डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह असतो. त्याचे बटण दाबले की सिलिंडरमधला दाब थोडा निसटतो आणि दोरी हलकी जाते.

कोकणात मात्र सगळ्यात जास्त छळते ते शिळे पेट्रोल. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर चेनसॉच्या माहितीपुस्तिका साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पाणी पुरेसे वाढले की ते इथेनॉलसह तळाशी बसते, आणि टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो. कार्बोरेटरमधला पातळ पडदाही अशा पेट्रोलने कडक होतो. गेल्या पावसाळ्यात भरलेली टाकी या जूनमध्ये दगा देते ती यामुळे. एका लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून मिश्रण लागेल तेवढेच बनवावे, महिन्याच्या आत संपवावे. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

सुरू झालेले मशीन कापते कसे, ही वेगळी गोष्ट. ‘एमएस २७१’ आणि ‘एमएस २६१’ दोन्ही ५०.२ सीसीचे. पहिल्याची ताकद २.६ किलोवॅट आणि वजन ५.६ किलो, दुसऱ्याची ३ किलोवॅट, वजन ४.९ किलो. सीसीचा आकडा पाहून खरेदी करणाऱ्याला हा फरक कळतच नाही. दिवसभर हातात धरणाऱ्याच्या खांद्यांना तो संध्याकाळी नक्की कळतो.

तरीही बोथट चेन कोणत्याही इंजिनाला हरवते. धारदार चेन ढलप्या उडवते. पिठासारखा भुसा पडू लागला आणि मशीन दाबावे लागले, तर थांबावे. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग घट्ट असतो, त्यात सिलिका असते. पडलेल्या झाडाला माती चिकटलेली असते. दोन्हींमुळे दात लवकर जातात. ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ती आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दातावर सारखी फिरवावी. पेट्रोल भरायला थांबल्यावर एवढे केले तर चेन दुकानात न्यायची वेळ क्वचितच येते.

(पुढच्या आठवड्यात : पात्याचे टोक लाकडाला टेकताच चेनसॉ उलटा का उसळतो, आणि चेन ब्रेक त्याला कसा रोखतो.)