प्लेग : इतिहासात आणि वाङ्मयात

जुन्या मराठी घरांत कोणाचा जन्म केव्हा झाला, कोणाचे लग्न केव्हा लागले, हे सांगताना सनापेक्षा ‘पहिल्या प्लेगात’ किंवा ‘प्लेगच्या साली’ असे शब्द अधिक सहजपणे येत. एका रोगाने पंचांगाची जागा घ्यावी, ही गोष्ट साधी नव्हे. ज्या आपत्तीने समाजाच्या कालगणनेत स्थान मिळविले, तिने त्याच्या जीवनात कोणती उलथापालथ केली आणि तिची नोंद आपल्या वाङ्मयाने कशी ठेवली, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात या रोगाचे निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. रोगात काखेत किंवा जांघेत गाठ येई व तीव्र ताप चढे. म्हणून मराठी पत्रांनी त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. लोकांनी मात्र ‘प्लेग’ हाच शब्द आपलासा केला. पुढील काही महिन्यांत मुंबईच्या सुमारे साडेआठ लाख वस्तीपैकी निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले. त्यांच्याबरोबर रोगही पुण्यास, कराचीस, दक्षिणेकडे बेळगाव-हुबळीपर्यंत जाऊन पोहोचला. पुढील दोन दशकांत हिंदुस्थानात याने एक कोटीच्या आसपास बळी घेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रोगाचे जंतू येर्सां या शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच हाँगकाँग येथे शोधून काढले होते. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग माणसास देतात, हे सिमाँ याने प्रतिपादिले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. त्यामुळे आरंभीच्या निर्णायक काळात सरकारचा सारा रोख घाण, कोंदट हवा व माणसांचा परस्परसंपर्क यांवरच राहिला. जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना लागला, घरांची छपरे उघडली गेली, सामान जाळले गेले. खरा वाहक मात्र मोकळाच राहिला. उलट, खेडोपाडी लोकांनी अनुभवाने एक नियम बसविला होता : उंदीर पडू लागले की गाव सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे. उंदीर मरतात आणि मागोमाग माणसे मरतात, हा संबंध बादशहा जहांगीर याच्या आत्मवृत्तातही सुचविलेला आढळतो. कारण ठाऊक नसताही हा उपाय योग्य होता. मात्र आजारी घरातील बोचकी घेऊन कोणी परगावच्या नातलगाकडे गेला, की कपड्यांतील पिसवांबरोबर रोगही तेथे जाई.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला व अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अमर्याद सत्ता आली. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरांची झडती घेण्यासाठी गोरे सोजीर नेमले. रोगी शोधून इस्पितळात नेणे आणि त्याच्या घरच्या मंडळींस सेग्रिगेशन कॅम्पात ठेवणे, ही पद्धत कागदावर शास्त्रशुद्ध होती. प्रत्यक्षात तिने समाजाच्या सर्वांत नाजूक ठिकाणी हात घातला. परक्या पुरुषाने बूट घालून देवघरात व स्वयंपाकघरात शिरावे, स्त्रियांची तपासणी करावी, प्रेत अंत्यविधीपूर्वी अडकवून ठेवावे, हे लोकांस मरणाहून असह्य वाटले. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी जाहीरपणे तक्रार केली. स्वतः ख्रिस्ती असलेल्या बाईंनीच हा आवाज उठविला, यावरून हा प्रश्न केवळ धर्मभावनेचा नव्हता हे उघड होते.

पुढील इतिहास आपण विद्यार्थ्यांस शिकवितोच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १८९८ व १८९९ मध्ये चापेकर बंधू व महादेव रानडे फासावर गेले, ‘केसरी’तील लिखाणाबद्दल टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, विलायतेत सोजिरांच्या वर्तनावर आरोप करणाऱ्या गोखल्यांना पुरावा न मिळाल्याने माफी मागावी लागली. परंतु या तेजस्वी व करुण घटनांच्या प्रकाशात त्याच वर्षाची दुसरी बाजू झाकोळून जाते. रँडवधाच्या तीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच निवर्तल्या. पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्यांना संसर्ग झाला. एकाच शहरात, एकाच ऋतूत, रोगाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत. विद्यार्थ्यांपुढे ती दोन्ही ठेवली पाहिजेत.

भीती ही एकट्या सत्तेचीच नव्हती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, ही समजूत दृढ झाली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये शहरात दंगा उसळला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेऊन लस सिद्ध केली, तरी टोचण्याविषयी लोकांचा संशय दीर्घकाळ टिकला. दुसरीकडे याच रोगाने काही चिरस्थायी गोष्टीही घडविल्या. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या योजनाबद्ध वस्तीचा पाया पडला. पुण्यातील प्लेगमुळेच १९०० मध्ये अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम हिंगण्याच्या माळावर गेला. इंदूरमध्ये १९१७ च्या सुमारास नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी दिवाळीस प्रचंड उंदराची प्रतिमा मिरवून जाळविली आणि मिरवणूक स्वच्छ रस्त्यांवरूनच जाईल असे जाहीर केले. पुण्यात सोजिरांच्या बंदुकीने जे साधले नाही, ते येथे उत्सवाच्या मार्गाने पुष्कळसे साधले. लोकांना सहभागी केल्यावाचून आरोग्याचा कोणताही उपाय तडीस जात नाही, हेच या दोन शहरांच्या तुलनेतून दिसते.

आता वाङ्मयाकडे वळू. पाश्चात्त्य साहित्यात साथीच्या वर्णनाची परंपरा थ्युसिडिडीजपासून आहे. बोकाच्चोने १३४८ च्या फ्लॉरेन्समधील महामारीची चौकट आपल्या कथांना दिली. डीफोने लंडनच्या १६६५ च्या प्लेगवर १७२२ मध्ये, स्मृतिग्रंथाचा वेष देऊन, कादंबरी लिहिली. काम्यूने १९४७ मध्ये प्लेगला मानवी संकटाचे प्रतीक केले. शेजारच्या कन्नडमध्ये अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ कादंबरीत प्लेगने मेलेल्या माणसाच्या प्रेतावरून साऱ्या अग्रहाराच्या धर्माचीच परीक्षा होते. मराठीत मात्र प्लेगचे खरे घर आत्मचरित्रात आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’, वडील व चुलते प्लेगला बळी पडलेल्या सावरकरांच्या ‘आठवणी’, दामोदर चापेकरांची कैफियत : यांतून तो काळ आपल्याशी बोलतो. डीफोला स्मृतीचा आभास निर्माण करावा लागला; आपल्याकडे स्मृती खरीच होती, आणि म्हणूनच कदाचित कल्पनेने तिला हात लावण्यास संकोच केला असावा.

या आत्मचरित्रांचे मोल सरकारी अहवालांहून वेगळे आहे. अहवाल मृतांची संख्या सांगतो. झोपडीत आजाऱ्याजवळ कोण बसले, कोण दार लावून निघून गेले, हे आत्मचरित्र सांगते. अर्थात ज्यांना लिहिता येत होते त्यांच्याच या आठवणी आहेत, ही त्यांची मर्यादाही शिक्षकाने सांगितली पाहिजे. माळावर मेलेल्या असंख्य शेतकरी, विणकर व गिरणी कामगार यांचे आत्मचरित्र कोणी लिहिले नाही.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा सरकारने त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला. शहरांतून गावांकडे लोटलेली माणसे पुन्हा दिसली आणि अफवाही पुन्हा पसरल्या. त्या दिवसांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. आपल्या विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांकडून त्या आजच लिहून घेतल्या, तर शंभर वर्षांपूर्वी जो आवाज नोंदीविना विरून गेला तो या वेळी तरी राहील. अकादमीच्या सभासदांनी आपापल्या गावी हे काम हाती घ्यावे, इतकेच सुचवावेसे वाटते.