२०१६ : ‘याड’ लावणारे वर्ष

मराठी चित्रपटसंगीतात २०१६ हे वर्ष कोणाचे, या प्रश्नाला दुसरे उत्तर संभवत नाही. २९ एप्रिल रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ झळकला आणि अजय-अतुल यांची अवघी चार गाणी वरातीपासून विसर्जन मिरवणुकीपर्यंत सर्वत्र दुमदुमली. ‘झिंगाट’विषयी अधिक सांगणे नलगे! खरे नवल ‘याड लागलं’चे. कॅलिफोर्नियातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर या संगीतासाठी सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित झाला. एरवी हॉलिवूडपटांच्या दिमतीला असणारे ते व्हायोलिनचे ताफे येथे सोलापूरकडच्या बोलीची साथ करीत होते आणि ‘याड’चे ‘वेड’ करण्याची गरज कोणालाही भासली नाही. ना. धों. महानोरांसारखे अपवाद वगळता, तोवर ग्रामीण बोलीच्या वाट्याला बहुतांशी लावणी किंवा विनोदी गाणेच येई. हळव्या प्रेमगीताचा मान प्रमाण मराठीकडे असे. ‘सैराट’ने तो बोलीला मिळवून दिला.

२०१८ मध्ये ‘धडक’द्वारे यांतील काही गाणी हिंदीत गेली. चाली त्याच, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. ‘झिंगाट’ हा शब्द हिंदीतही तगला. ‘याड लागलं’चे मात्र ‘पहली बार’ झाले.