जुन्या पिकअपचं नाक उचलण्याआधी

प्रवराकाठच्या बेलापुरात ऊस, कांदा, चारा वाहणाऱ्या जुन्या पिकअप भरपूर. रिकामी असताना गाडी मागून उंच दिसते, म्हणून पुढची बाजू उचलून ती सपाट करण्याची हौस अनेकांना असते. पण ती मागची उंची दोष नाही, माल भरल्यावर पाटे दबतील यासाठी ठेवलेली जागा आहे. पुढून उचललेली गाडी भरली की नाक वर जातं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. उलट रिकामी गाडीही मागून बसलेली असेल तर आधी थकलेले पाटे, शॅकल आणि बुश बदला. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

आता उंचीसाठी मोठे टायर घालण्याबद्दल. 215/75 आर15 चा व्यास सुमारे 703 मिमी, 235/75 आर15 चा 733. म्हणजे जमिनीपासून फायदा फक्त 15 मिमी. पण गिअरिंग 4 टक्क्यांनी लांबतं, जुन्या इंजिनाची ओढ तेवढी घटते, आणि काटा 60 दाखवताना वेग साडेबासष्टच्या आसपास असतो. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते त्याचं काय, हा आक्षेप रास्त आहे. मात्र चिखलात पकड खोल नक्षीमुळे मिळते, आणि ती मूळ मापातही मिळू शकते. टायरच्या भारक्षमतेचा आकडा तेवढा जपा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच: कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. इथल्या आरटीओत (एमएच-17) पासिंगला हा प्रश्न येऊ शकतो.