जागा शहराची, इमारत संस्थेची. मग नियम कोणाचा?

मागच्या महिन्यात ईशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यात जमातीची बैठक झाली. विषय तसा साधा होता. नगरपालिकेने फार पूर्वी नाममात्र भाड्याने दिलेल्या जागेवर जमातीने वर्गणी काढून हॉल बांधला आहे. निकाह, वलीमा, अकीका, मुलांच्या शिकवण्या, सगळं तिथेच होतं. आता काही मंडळींचं म्हणणं असं की हॉलचं सभासदत्व फक्त जुन्या घरांना असावं. कामधंद्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन राहिलेल्या घरांना नको. कोपऱ्यात बसलेले एक चाचा म्हणाले, "पण जागा नगरपालिकेची आहे ना?" खजिनदारभाई ताडकन बोलले, "जागा त्यांची, बांधकाम आपलं. नियम आपलाच चालणार."

आम्ही शाळेत शिकवतो, स्काउटचं पथकही सांभाळतो. म्हणून असेल, घरी जाताना आम्हाला फिलाडेल्फिया आठवलं. अमेरिकेतल्या त्या शहरात हाच वाद जवळजवळ याच शब्दांत दहा वर्षं चालला आणि त्यात एक बाजू स्काउट संघटनेची होती. ती हकीकत आपल्या लोकांनी जरूर समजून घ्यावी.

१९२८ साली फिलाडेल्फिया शहराने ठराव करून स्काउटांना शहराच्या मध्यभागी जागा दिली. भाडं काही नाही. स्काउटांनी स्वतःच्या पैशाने तिथे देखणी दगडी इमारत उभी केली आणि ठरल्याप्रमाणे ती शहराच्या नावावर केली. वापर मात्र स्काउटांचाच. कागदात आणखी एक ओळ होती: एक वर्षाची नोटीस देऊन शहर हा व्यवहार संपवू शकतं. सत्तरेक वर्षं त्या ओळीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

दरम्यान शहराने १९८२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी कायद्यात लैंगिक कल हेही कारण घातलं. म्हणजे जात, धर्म, रंग यांप्रमाणे यावरूनही कोणाला डावलता येणार नाही. उलट स्काउटांच्या राष्ट्रीय संघटनेचा नियम असा की उघडपणे समलैंगिक असलेल्या माणसाला सभासद किंवा मार्गदर्शक म्हणून घ्यायचं नाही. जेम्स डेल नावाच्या एका सहायक स्काउटमास्तरला न्यू जर्सीत याच नियमाखाली १९९० मध्ये काढलं होतं. तो कोर्टात गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला, पण २८ जून २००० रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी हरला. न्यायालय म्हणालं की स्काउट ही खासगी संघटना आहे, काही मूल्यं सांगण्यासाठी ती एकत्र आली आहे. त्या मूल्यांशी विसंगत वाटणारा माणूस घेण्याची सक्ती सरकार तिच्यावर करू शकत नाही.

इथे काही वाचकांनी मनात एक बाजू घेऊनही टाकली असेल. दीनची या विषयावरची भूमिका आपल्या घरांत माहीत आहे आणि त्यावर चर्चा करायला आम्ही हा लेख लिहीत नाही. पण ज्यांना स्काउटांची बाजू लगेच आपली वाटली त्यांनी जरा सब्र करावा. हिंदुस्तानात १९०९ साली बंगळूरला पहिलं स्काउट पथक निघालं तेव्हा ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. हिंदू असो की मुसलमान, देशी पोराला प्रवेश नव्हता. तोही 'सभासदत्वाचा नियम'च होता! म्हणून तर अ‍ॅनी बेझंटबाईंनी १९१७ मध्ये मद्रासला हिंदुस्तानी मुलांसाठी वेगळी संघटना काढली. बेडन-पॉवेल साहेब १९२१ मध्ये इथे येऊन गेल्यावर दरवाजा उघडला. आज आमच्या पथकातली सातवीची मुलं 'खरी कमाई'साठी घरोघर फिरतात, त्या भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना तर थेट ७ नोव्हेंबर १९५० ची.

फिलाडेल्फियाकडे वळू. डेलचा निकाल लागला आणि शहरातले लोक विचारू लागले: ठीक आहे, नियम करायचा हक्क तुमचा. पण आमच्या करातून तुम्हाला फुकट जागा का? प्रश्न रास्त होता. ज्याला दारातून आत घ्यायचं नाही, त्याच्याच कराच्या पैशाने दार रंगवायचं, हे कोणाला पटेल?

स्थानिक स्काउट शाखा कात्रीत सापडली. तिचं नाव 'क्रेडल ऑफ लिबर्टी', म्हणजे स्वातंत्र्याचा पाळणा. २००३ मध्ये तिने आपण भेदभाव करणार नाही असं जाहीर केलं. राष्ट्रीय संघटनेने डोळे वटारताच काही आठवड्यांत माघार घेतली आणि आपण समलैंगिक आहोत असं उघड सांगणाऱ्या अठरा वर्षांच्या एका स्काउटला काढून टाकलं. मुख्य कार्यालय एक सांगतं, शहर दुसरं सांगतं, मधे शाखा. राज्यभराच्या संस्थेशी जोडलेल्या आपल्या गावोगावच्या शाळा चालवणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

बोलणी फिसकटली. ३१ मे २००७ रोजी नगर परिषदेने १६ विरुद्ध १ मतांनी जागेचा करार संपवायचा ठराव केला. स्काउटांपुढे तीन रस्ते ठेवले: नियम सोडा, नाहीतर वर्षाला दोन लाख डॉलर भाडं भरा, नाहीतर इमारत रिकामी करा. स्काउट २००८ मध्ये केंद्रीय न्यायालयात गेले.

आता मुद्द्याची गोष्ट. शहर म्हणत होतं, जागा आमची, फुकट देणं ही आमची मेहेरबानी. मेहेरबानी थांबवली तर कोणाचा हक्क बुडतो? ऐकायला बिनतोड वाटतं. पण अमेरिकेच्या कायद्यात एक तत्त्व आहे आणि ते आम्ही वर्गात असं समजावू. शाळेने सहलीला न्यायलाच पाहिजे असा मुलांचा हक्क नाही. गुरुजी सहल रद्द करू शकतात. पण 'तू रोजा सोडलास तरच सहलीला नेईन' असं म्हणू शकत नाहीत. सवलत देणं न देणं सरकारच्या हातात असतं. सवलतीच्या बदल्यात संविधानाने दिलेला हक्क सोडायला लावणं मात्र त्याच्या हातात नसतं. डेलच्या निकालाने सभासद निवडण्याचा हक्क स्काउटांना दिलेला होता, आणि शहर म्हणत होतं तो हक्क सोडा, मग जागा ठेवा. स्काउटांनी असंही दाखवून दिलं की शहराच्या जागांवर सवलतीत बसलेल्या, आपापल्या लोकांपुरत्या असलेल्या इतर संस्थाही आहेत. त्यांना कोणी हात लावला नाही. २३ जून २०१० रोजी ज्युरीने कौल दिला की शहराने घातलेली अट घटनाबाह्य आहे. स्काउट जिंकले.

पण याच्या अगदी उलट निकालही आहे, आणि तो वाचल्याशिवाय फिलाडेल्फियाचा अर्थ लावू नये. कॅलिफोर्नियातलं बर्कले शहर समुद्री स्काउटांना आपल्या धक्क्यावर बोट लावायला फुकट जागा देत असे. शहराने नियम केला की फुकट जागा हवी तर भेदभाव करणार नाही असं लिहून द्या. समलैंगिक आणि नास्तिक, दोघांबद्दलही. (राष्ट्रीय संघटनेत नास्तिकालाही प्रवेश नव्हता.) समुद्री स्काउटांनी तसं लिहून दिलं नाही, शहराने १९९८ मध्ये सवलत काढली, आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, शहर कोणाला विचार बदलायला सांगत नाही. पैसे भरा आणि बोट लावा, इतकंच आहे.

मग फरक कुठे? आमच्या समजुतीप्रमाणे नियम सगळ्यांना सारखा होता की एकालाच हेरून लावला, यात बरंच काही आहे. बर्कलेने सवलत घेणाऱ्या सगळ्यांसाठी धोरण आखलं आणि मग ते लागू केलं. फिलाडेल्फियात एका संस्थेवर बोट ठेवल्यासारखं दिसलं. शहराने सर्व सवलतीच्या जागांचा एकच नियम आधी केला असता तर निकाल कदाचित वेगळा लागता, असं आम्हाला वाटतं.

जिंकूनही स्काउटांच्या हाती काय राहिलं? इमारत त्यांना विकून वाद मिटवायचं एकदा ठरत आलं, तेही मोडलं. शेवटी २०१३ च्या समझोत्यात शहराने ८ लाख २५ हजार डॉलर द्यायचे आणि स्काउटांनी इमारत सोडायची असं ठरलं. म्हणजे खटला स्काउटांचा, घर शहराचं. आणि गंमत बघा, त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्रीय संघटनेनेच मतदान घेऊन मुलांवरची बंदी उठवली. २०१५ मध्ये मोठ्यांवरचीही, फक्त चर्चने चालवलेल्या पथकांना आपले मार्गदर्शक आपण निवडायची मुभा ठेवली. ज्या नियमासाठी एवढं झालं तो नियम कोर्टाने नाही, त्यांच्या आतल्या लोकांनीच बदलला.

आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण पेच तोच. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. त्याच्या आधीचं कलम २९ सांगतं की सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यावरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही. ही दोन कलमं एकमेकांशी कशी बसवायची यावर २००२ मध्ये टीएमए पै खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले. अनुदानित अल्पसंख्याक संस्थेने आपलं स्वरूप टिकवावं, पण बाहेरच्या मुलांनाही वाजवी प्रमाणात घ्यावं, असा मधला रस्ता निघाला. अनुदान घेतलं की दार थोडं तरी उघडावं लागतं.

दुसरं उदाहरण आम्हाला जास्त टोचतं. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा नियम होता की सभासद पारशीच असावा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला; संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात सभासद निवडणं येतं असं सांगितलं. छोट्या समाजाला आपली वस्ती टिकवावीशी वाटते, ते समजतं. पण आम्ही स्वतः एका शहरात घर शोधत होतो, डिपॉझिट हातात होतं, आणि नाव ऐकल्यावर समोरचे गृहस्थ नजर वळवून म्हणाले, "सोसायटीचा नियम आहे, सर." त्या नियमाचा कागद आम्ही मागितला नाही. बेगम जिन्यात उभ्या होत्या.

बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं नाही, वेळही नव्हता. एवढंच विचारलं की नगरपालिकेशी झालेला करार कोणी वाचला आहे का. कोणीच वाचला नव्हता. खजिनदारभाईंनी नाराजीनेच कपाट उघडलं. चौथ्या पानावर दोन अटी होत्या: जागा 'सार्वजनिक उपयोगासाठी' आहे, आणि तीन महिन्यांच्या नोटिशीने ती परत घेता येईल. चाचांनी ते पान मोठ्याने दोनदा वाचलं. सभासदत्वाचा ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. तोवर बाहेरून आलेल्या एका घरातल्या मुलीच्या निकाहसाठी या महिन्यातली शेवटची तारीख बुक झाली आहे आणि पावती खजिनदारभाईंनीच फाडली.