भुतांच्या तोंडचं व्याकरण
लेखमाला : कल्पित भाषांची मुळं

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागलं की आधी तिरुभुवनम येतं आणि पुढे आडुतुरै. तिरुभुवनम रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध. रेशमाला तमिळमध्ये म्हणतात 'पट्टु'. यातलं 'ट'चं अक्षर आडुतुरैच्या नावातही आहे, पण देवनागरीत आपण तिथे 'ड' लिहितो. तमिळ लिपीत दोन्ही उच्चारांना अक्षर एकच. जोडून आलं की ते कडक राहतं, दोन स्वरांमध्ये एकटं सापडलं की मऊ होतं.

जगभरच्या कितीतरी भाषांनी हेच केलंय. लॅटिनमधली 'कातेना', म्हणजे साखळी, वेल्शमध्ये 'कादुइन' झाली. वेल्शवर जीव असलेल्या कादंबरीकार टॉल्किनने हा नियम उचलला आणि आपल्या कथांमधल्या एल्फांना दिला. त्यांच्या क्वेन्या भाषेत बाप म्हणजे 'आतार', तर तिच्या बहिणीत, सिंदारिनमध्ये, 'आदार'. शब्द नुसते रचलेले नाहीत, ते पिढ्यान्‌पिढ्या वापरून झिजलेत असं वाटतं, ते यामुळे. 'बाहुबली'साठी (2015) तमिळ गीतकार मदन कार्की यांनी किलिकी भाषा घडवली. तिच्यात 'मी' म्हणजे 'मिन' आणि 'तू' म्हणजे त्याचंच उलटं, 'निम'. युक्ती झकास आहे. पण झिजेतून येणारं वय अशा उलटापालटीतून येत नाही.

आपल्याकडे याहून जुनी आणि माझ्या मते याहून विलक्षण गोष्ट आहे ती पैशाची या पिशाच्चांच्या भाषेची. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त ती येते. सातवाहन राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवायचं यावर दरबारात पैज लागते. मंत्री गुणाढ्य ती हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशभाषा तिन्ही सोडतो. विंध्याच्या रानात तो पिशाच्चांची बोली शिकतो आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. राजा ती नाकारतो. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. सहा लाख श्लोक जळाल्यावर राजा धावत येतो.

बृहत्कथेची मूळ पोथी आज नाही, पण भाषेचे नियम वैयाकरण वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'त आहेत. शब्दाच्या मधल्या ग, घ, ज, द यांच्या जागी क, ख, च, त. म्हणजे राजाचा 'राचा', मेघाचा 'मेख', गगनाचं 'गकन'. सातवाहनांच्या मुलखातल्या महाराष्ट्री प्राकृतात हेच गगन 'गअण' होतं, मधला 'ग' पार विरघळतो. माणसांची भाषा जिथे मऊ होत होत नाहीशी होते, नेमकी तिथेच भुतांची भाषा कडक होते. मला यातच तिचा खरा थरार वाटतो.

भाषाभ्यासक हॉर्न्ले यांच्या मते पैशाची म्हणजे द्राविडभाषकांच्या तोंडी रुळलेली आर्यभाषा. दुसरे अभ्यासक ग्रियर्सन यांनी तिला वायव्य सरहद्दीकडे नेलं. आडुतुरैत कान देऊन ऐकलं तर हॉर्न्ले यांचं म्हणणं मला पटत नाही. तमिळ लिपीत 'गगन' लिहिलं तर अक्षरं 'ककन' अशी दिसतात, हे खरं. पण वाचणारा मधला 'क' मऊच करणार. वररुचीच्या नियमात मात्र पहिला 'ग' जसाच्या तसा राहतो आणि मधला कडक होतो. दोन्हींची दिशाच उलटी आहे.

पुढच्या आठवड्यात महानुभावांच्या सकळ लिपीकडे वळू.