जुनी हार्ड डिस्क, नवा मदरबोर्ड

जुनी हार्ड डिस्क नव्या मदरबोर्डला जोडायची, तर आधी तिची मागची बाजू नीट पाहावी. तिथे बारीक पिनांच्या दोन लांब ओळी, शेजारी जंपरच्या काही पिना आणि कडेला पॉवरच्या चार जाड पिना असतील, तर ती आयडीई डिस्क. त्याऐवजी ‘एल’ आकाराच्या दोन चपट्या जिभा दिसल्या, तर ती साटा. साटा असेल तर जोडणीचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. २००३ च्या सुमाराच्या पहिल्या साटा डिस्क सेकंदाला १.५ गिगाबिट वेगाने बोलत. आजचे ६ गिगाबिटचे पोर्ट तो वेग ओळखून स्वतः खाली उतरतात, आणि केबलही तीच चालते. अडचण येते ती आयडीईची.

आयडीईत एका वेळी सोळा बिट शेजारशेजारच्या सोळा तारांमधून जातात आणि ते पलीकडे एकाच क्षणी पोहोचावे लागतात. वेग वाढू लागला तशी एका तारेतली खळबळ शेजारच्या तारेत शिरू लागली. म्हणून नंतरच्या केबलमध्ये ८० तारा आल्या. त्यांतल्या निम्म्या केवळ ग्राउंडच्या, सिग्नलच्या तारांना एकमेकींपासून वेगळे ठेवण्यासाठी. लांबीलाही सुमारे ४६ सेंटिमीटरची मर्यादा होती. या मार्गावर पुढे फारसे जाता येण्यासारखे नव्हते, म्हणून एकामागून एक बिट पाठवणारी साटा आली. इंटेलने २००६ मध्ये ९६५ मालिकेपासून चिपसेटमधला आयडीईचा आधार काढून टाकला. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी वेगळी चिप बसवून काही वर्षे एखादा आयडीई पोर्ट टिकवला, मग तोही गेला.

त्यामुळे मध्ये दुभाषा लागतो. तो तीन रूपांत मिळतो: मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारे कार्ड, डिस्कच्या पाठीला लावायची आयडीई-साटा पट्टी आणि यूएसबी अडॅप्टर. डिस्कमधला मजकूर काढून घेणे एवढाच हेतू असेल, तर यूएसबी अडॅप्टर सर्वांत सोयीचा. कॅबिनेट उघडावे लागत नाही, आणि नवा संगणक आपल्या नेहमीच्या डिस्कवरून सुरू झाल्यावर जुनी जोडता येते. मात्र साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. म्हणून अशा अडॅप्टरसोबत वेगळा पॉवर अडॅप्टर असलाच पाहिजे. लॅपटॉपमधली अडीच इंची आयडीई डिस्क ५ व्होल्टवर भागवते. तिच्या ४४ पिनांतच पॉवरच्या पिनाही असतात.

जोडताना दोन गोष्टी सांभाळायच्या. डेटा केबलच्या कडेची लाल रेघ पहिल्या पिनेकडे यावी. ही पिन बहुधा पॉवर कनेक्टरच्या बाजूला असते. केबल उलटी बसली तर डिस्क दिसत नाही, एवढेच. पॉवरचा चार पिनांचा प्लग उलटा बसला तर मात्र पिवळ्या तारेतले १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या जागी जातात आणि डिस्कवरचे सर्किट जळते. प्लगचे दोन कोपरे तासलेले असतात ते याचसाठी. प्लग सहज जात नसेल तर जोर लावू नये.

डिस्क फिरल्याचा आवाज येतो पण स्क्रीनवर ती दिसत नाही, असे झाले की पहिला संशय जंपरवर घ्यावा. एका आयडीई केबलवर दोन डिस्क बसत, म्हणून एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह हे जंपरने ठरवावे लागे. दुसऱ्या जागेवर काम करत आलेली डिस्क स्लेव्ह असते, आणि बरेच अडॅप्टर फक्त मास्टरला ओळखतात. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक डिस्कवर एकटीसाठी आणि जोडीतल्या मास्टरसाठी वेगवेगळी रचना असते. तिचा नकाशा डिस्कच्या लेबलवरच छापलेला सापडतो. काही डिस्कवर क्षमता ३२ गिगाबाइटपर्यंत मर्यादित करणारा जंपरही असे, कारण त्या काळचे काही बायोस त्याहून मोठी डिस्क दिसली की अडून बसत. तो काढल्याशिवाय डिस्कची पूर्ण क्षमता दिसणार नाही.

डिस्क दिसू लागली की तिच्यावरूनच संगणक सुरू करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. विंडोज एक्सपीमध्ये एएचसीआयचा, म्हणजे साटा डिस्कशी बोलण्याच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर मुळात नाही, त्यामुळे नव्या बोर्डवर ती निळ्या स्क्रीनवर ७बी हा त्रुटिक्रमांक दाखवून थांबते. नव्या बोर्डांतून जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोयही जात चालली आहे. एखादा जुना प्रोग्रॅम खरोखरच हवा असेल, तर डिस्कची प्रतिमा घेऊन ती व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवण्याचा मार्ग अधिक भरवशाचा. विंडोजने डिस्क ‘इनिशियलाइझ’ किंवा फॉरमॅट करायची का असे विचारले, तर उत्तर नाही हेच द्यायचे.

आता मुख्य काम. वर्षानुवर्षे बंद असलेली डिस्क चालू झाल्यावर किती वेळ चालेल हे सांगता येत नाही. म्हणून आधी सगळी प्रत काढावी, फायली चाळत बसणे नंतर. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तिच्यातले ५ आणि १९७ हे क्रमांक पाहावेत. पहिला बदललेल्या सेक्टरची संख्या सांगतो, दुसरा वाचता न आल्यामुळे संशयात असलेल्यांची. हे आकडे वाढत असतील किंवा टकटक आवाज येत असेल, तर साध्या कॉपी-पेस्टऐवजी लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरावे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अवघड जागांकडे नंतर वळते. वाचलेल्या भागाची नोंद ठेवत असल्याने काम मध्येच थांबले तरी पुढून चालू करता येते. आज्ञा देताना स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल. एंटर दाबण्याआधी दोन्ही नावे पुन्हा वाचावीत.

महाराष्ट्रातल्या छपाई आणि अक्षरजुळणीच्या कामातून आलेल्या डिस्कवर आणखी एक थर असतो, आणि तो बहुतेकदा विसरला जातो. युनिकोड रुळण्याआधीचा मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींत टाइप होत असे. अशा फाँटमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असत. फाइल शाबूत मिळाली तरी तो फाँट नसेल, तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटते. म्हणून पेजमेकरच्या फायलींबरोबर विंडोजमधला फाँटचा फोल्डरही उचललाच पाहिजे. गावोगावच्या दिवाळी अंकांचा, स्मरणिकांचा, छोट्या साप्ताहिकांचा मजकूर अशाच डिस्कवर पडून आहे, आणि छापील अंक हरवला असेल तिथे तीच एक प्रत उरली असण्याची शक्यता आहे.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवला जाई, युनिकोडमध्ये याच्या उलट. त्यामुळे ‘र्थि’सारख्या जोडाक्षरांत चुका राहतात आणि रूपांतरित मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. शंका आल्यावर ताडून पाहण्यासाठी मूळ फाइल, तिचा फाँट आणि रूपांतरित प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवावी, आणि त्या फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर.