फॉरमॅट मारण्याआधी

दिवाळी अंकाची पानं लावायची घाई असते आणि नेमकं तेव्हाच मशीन रखडायला लागतं. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या जुन्या डीटीपीच्या दुकानांना हा अनुभव नवा नाही. फाइलवर क्लिक करून चहा पिऊन यावं, तरी पडद्यावरचं कडं आपलं गोल फिरतंच आहे. मग कॅबिनेटमधून टक्, टक् असा आवाज येतो. पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळं त्याच डब्यात. हार्डवेअरवाला मुलगा येतो, दोन बटणं दाबतो आणि सांगून टाकतो, "विंडोज गेलंय काका. फॉरमॅट मारून देतो."

त्याला तिथेच थांबवायला हवं.

कॉम्प्युटर बिघडणं वेगळं आणि डेटा जाणं वेगळं. मशीन अजिबात चालूच होत नसेल, तर उलट जरा हायसं वाटायला हरकत नाही. दोष बरेचदा एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, नाहीतर रॅमचा किंवा मदरबोर्डचा निघतो आणि हार्ड डिस्क शाबूत असते. चार स्क्रू काढून ती बाहेर घ्यायची आणि दुसऱ्या मशीनला जोडायची. यूएसबीची अडॅप्टर केबल वापरायची असेल, तर डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. रोज सकाळी घड्याळ मागच्या एखाद्या सालात जात असेल, तर तो मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल संपल्याचा प्रकार. खरी धास्ती आहे ती मशीन चालू असतानाच कण्हायला लागतं तेव्हाची.

हार्ड डिस्कमधल्या चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी याच मापात हजारोंनी मोजावी लागते. हे हेड घासायला लागलं, की डिस्क चालू ठेवलेला प्रत्येक तास पदरचं काहीतरी खरवडून नेतो. नेमक्या याच वेळी आपल्या अंगात दुरुस्तीचा उत्साह संचारतो. कोणी चेकडिस्क चालवतं, कोणी डीफ्रॅग, कोणी रात्रभर अँटिव्हायरसचा स्कॅन लावून झोपतं. आजारी डिस्कला पळायला लावण्याचेच हे उद्योग. ती फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर विसरलेलाच बरा, कारण बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवत असते: किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या, किती वाचताच येत नाहीत. हे आकडे वाढताना दिसले, की कॉपीला लागायचं. मात्र 'गुड' असा शेरा दिसला म्हणून गाफील राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर, म्हणजे पृष्ठभाग तपासताना आढळलेली चूक, दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत जाण्याची शक्यता इतर डिस्कच्या 39 पट निघाली. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये डिस्कच्या स्वतःच्या नोंदीतल्या मुख्य चार लक्षणांपैकी एकही आधी दिसलेलं नव्हतं.

आता कॉपी. सगळा सी ड्राइव्ह उचलून एक्स्टर्नल डिस्कवर टाकणं हा आळशी मार्ग. त्यात विंडोजच्या हजारो फायली आधी जातात आणि घरचे फोटो निघायच्या आत डिस्क मान टाकते. पुराचं पाणी चढताना माणूस कागदपत्रांची पेटी आधी उचलतो, पलंग नंतर. इथेही तोच हिशेब. शिवाय आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडलेले असतात आणि "डीमध्ये बॅकअप आहे" असं लोक छातीठोकपणे सांगतात. डी हा त्याच डिस्कचा दुसरा कप्पा आहे. कपाट जळालं तर दोन्ही कप्पे जळणार. सीवरच्या डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं मात्र फॉरमॅटमध्ये हमखास जातं. टॅलीची कंपनी 10000 अशा आकडी नावाच्या फोल्डरमध्ये असते, आउटलुकची पत्रं पीएसटी फाइलमध्ये. फॅट 32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि जुनी पीएसटी नेमकी तिथेच अडते. मशीन नव्यातलं असून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल, तर 48 आकडी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय डिस्क काढण्यात अर्थ नाही.

एकेका फाइलवर डिस्क अडकत असेल, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवतात. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतो, अडलेली जागा टिपून पुढे सरकतो आणि शेवटी त्या जागांकडे परत येतो. सगळी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरते. पुढची शोधाशोध त्या प्रतीवर. टकटक जोरात असेल, तर तेही नको. वीज बंद करून डिस्क प्रयोगशाळेकडे द्यायची, आणि तिचं झाकण कोपऱ्यावरच्या दुकानात उघडू द्यायचं नाही, कारण धुळीचा एक कण त्या हेडला दगडासारखा असतो. प्रयोगशाळा काय करू शकते, याचं उदाहरण 2003 चं आहे. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याच्या अपघातानंतर अवशेषांत एक करपलेली डिस्क सापडली. चकत्या स्वच्छ करून नव्या यंत्रणेत बसवल्या, तेव्हा जवळजवळ 99 टक्के मजकूर वाचता आला आणि त्यावरचा झेनॉन वायूचा प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी दुकानाचा खरा घोटाळा मात्र फायली सुखरूप निघाल्यावर सुरू होतो. नव्या मशीनवर पेजमेकरची जुनी फाइल कशीबशी उघडते, आणि स्मरणिकेच्या संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टोपीवाल्या खुणांची खिचडी दिसते. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फाइलमध्ये साठतो तो इंग्रजी अक्षराचा संकेत. 'क' दिसतो तो केवळ फॉन्टच्या कृपेने. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो, पण विंडोजमध्ये देवनागरीची ती सोय 2000 साली आली आणि डीटीपीचा धंदा त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टवर चालला. म्हणून विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्टचं फोल्डर आधी कॉपी करायचं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक, म्हणजे मागच्या पोर्टला खोचलेला तो छोटा ठोकळा, भंगारात जाऊ द्यायचा नाही. पॅरलल पोर्टचं लॉक असेल, तर नव्या मशीनला ते खोचायला जागाच सापडत नाही. डिस्क बरी असून मशीनच म्हातारं झालं असेल, तर ते चालू आहे तोवर महत्त्वाच्या फायलींची फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवावी. त्यात मजकूर बदलता येत नाही, पण वाचता तरी येतो. कन्व्हर्टरने युनिकोड करता येतं, फक्त नंतर प्रुफं नीट वाचावी लागतात; जोडाक्षरं आणि रफार हमखास दगा देतात.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे बरीच जुनी मशीन सध्या बदलली जाताहेत. कॉपी झाली म्हणून त्याच दिवशी जुनी डिस्क विकू नये. सगळ्यात जुनी पत्रिका, सगळ्यात मोठा अहवाल, मधलाच एखादा फोटो असं उघडून बघावं. फोल्डरचा आकार जुळला म्हणून आतली फाइल धड असेलच असं नाही. पुढे डिस्क द्यायचीच असेल, तर नुसता फॉरमॅट पुरत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी 158 जुन्या डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांतल्या 129 चालल्या, नीट पुसलेल्या फक्त 12 होत्या आणि बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे 5000 हून अधिक नंबर निघाले. हा अभ्यास 2003 चा. काही दुकानदार त्यापेक्षा डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून साल लिहितात आणि ती रबरी शिक्क्यांच्या खणात टाकून देतात.